ऊन पडायच्या आत

सह्याद्रीत फिरणाऱ्याला एक सवय लागते. सकाळी दव सुकू द्यायचं, कातळ कोरडा होऊ द्यायचा, मग चढायला लागायचं. बदलापूर-वांगणीच्या डोंगरांत या सवयीनं आम्हाला कधी दगा दिला नव्हता. हिमाचलात ऐन वसंतात मात्र तिनंच आम्हाला गोत्यात आणलं.

आम्ही तिघे होतो. दादा, म्हणजे अंबरनाथच्या ज्या वर्कशॉपात मी लेथवर होतो तिथला फोरमन. बर्फावरचं शिक्षण घेतलेला तो एकटाच. दुसरा उल्हासनगर कॅम्प पाचचा सिंधी मित्र. त्याला सगळे साईं म्हणत, आमच्या सॅक त्याच्याच घरी शिवलेल्या. आणि मी, आठवीत शाळा सोडून साताऱ्याकडून आलेला, म्हणून 'पाव्हणं'. गाव सोडून अंबरनाथला आलो तेव्हाच परमुलखात आल्यासारखं वाटलं होतं. आता अंबरनाथही मागे राहिलं होतं, आणि समोर नुसता पांढरा डोंगर! तोवर बर्फ म्हणजे मला गोळेवाल्याची भुश्शातली लादी ठाऊक.

खिंडीत जायचं तर एक रुंद बर्फाचा उतार आडवा ओलांडायचा होता. सकाळी आम्ही निवांत पोहे खाल्ले, चहा केला, तळाजवळच्या खडकांवरचं दव सुकेपर्यंत ऊन खात बसलो. दादासुद्धा बसला! उताराच्या कडेला पोचलो तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. दादानं फावडं घातलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"च्यायला! इथं उन्हाच्या आधी यायचं असतं. घरच्यासारखे बसून राहिलो."

त्यानं मूठभर बर्फ पिळला. पाणी गळलं. मग खणून दाखवलं: वरचा थर भिजलेला, खाली काचेसारखा टणक. तळहातानं जरा ढकलताच वरचा थर तव्यावरून धिरडं सुटावं तसा सुटून आला. तेवढ्यात वरच्या खडकांपासून बर्फाचे गोळे निघाले आणि मोठे होत आमच्यासमोरून गडगडत गेले.

"दहा मिनिटांचा तर रस्ता," साईं म्हणाला. "भागके निकल जायेंगे. सोमवारी कामावर हजर व्हायचंय, दादा. आज नाही तर खिंड गेली समज."

दादा माझ्याकडे वळला. "चंदेरीचा नियम. पाव्हणं, बोला."

चंदेरीच्या डोंगरावर सुट्या दगडांचा घसारा आहे. तिथं आम्ही एकेक करून जायचो, आणि निघायचं की थांबायचं हे ज्याची सगळ्यात जास्त टरकली असेल त्यानं आधी सांगायचं, अशी आमची रीत. तो मान नेहमी माझाच असे.

"मला जायचंय," मी म्हणालो. खरंच, खिंडीपलीकडं काय आहे ते बघायला जीव नुसता तुटत होता. "लई जायचंय. पण आत्ता नको. पोटात गोळा आलाय."

"तुझ्या पोटात लिफ्टमध्ये पण गोळा येतो, यार!"

दादा हसला, पण सॅक खाली ठेवली. "नियम म्हणजे नियम. कामावरच्या शिव्या मी खाईन. बसा."

साईं तोंड फिरवून बसला. मलाही लाज वाटायला लागली. एवढ्या लांब येऊन मीच खोडा घातला की काय?

दुपारी वरून 'भप्प' असा दबका आवाज आला. उतारावर एक रेघ उमटली आणि तिच्याखालचा सगळा बर्फ चालू लागला. आधी सावकाश, मग बघता बघता धडधडत, खालच्या ओढ्यात. आमची वाट त्याच्या मधोमध होती. मग साईंनं डब्यातला पापड काढला, अर्धा मोडून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी फटफटतानाच आम्ही कडेला उभे! फावडं बर्फावर ठणकन वाजलं. मुठीत धरलेला बर्फ साखरेसारखा कोरडा. दादानं वरच्या खडकांकडे पाहिलं. काहीच हलत नव्हतं.

"पाव्हणं?"

"चला!"

दादा पुढं गेला. तो पलीकडं पोचल्यावर मी निघालो. बुटांखाली करकर, कानात माझाच श्वास, आणि हसूच आवरेना. साईं पोचला तेव्हा शिखरावर पहिलं ऊन टेकत होतं.

"गोळा गेला काय रे?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"हाय की अजून."

"राहू दे," दादा म्हणाला. "परत याच वाटेनं यायचंय."