पाय न टेकता

आमच्या कोथरूडच्या सायकल मंडळात एक नियम आहे. बोपदेव घाट चढताना ज्याचा पाय जमिनीला टेकला, त्याने माथ्यावरच्या टपरीत सगळ्यांना किटलीतून चहा वाटायचा. हा नियम ज्याने केला त्याचा पाय कधी टेकत नाही, हे वेगळं सांगायला नको. चहा वाटायला कायम आम्ही दोघी, मी आणि प्रियदर्शनी. मला त्याची लाज नाही. मी सायकल चालवते ती मुळात त्या चहासाठीच.

प्रियदर्शनीचं तसं नव्हतं. ती वर्ध्याची. माहेरी सायकल भावांची होती, हिने ती फक्त पुसायची. नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आली आणि पन्नाशी उलटल्यावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोपरं फोडून घेत सायकल शिकली. स्वतःच्या पगारातून निळी सायकल घेतली. अजूनही ती सायकल घरात, सोफ्याशेजारी ठेवते. पाहुण्यांनी कुठे बसायचं, हा पाहुण्यांचा प्रश्न.

दिवाळीनंतर तिचा गुडघा इतका दुखायला लागला, की कठडा धरून ती जिना आडवी उतरायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "मांड्यांत ताकद आणा, नाहीतर सायकल सोडा." आता नुसती सायकल चालवली की पाय आपोआप मजबूत होतात, हा आमच्या मंडळाचा लाडका समज. थंडीत तर आम्ही कानटोप्या घालून जरा फिरायचो, मिसळ खायचो आणि त्याला व्यायाम म्हणायचो.

"सायकल नाही सोडत जी मी," एवढंच ती म्हणाली आणि रविवारी यायची बंद झाली. मंडळात कुणीतरी म्हणालं, "संपलं त्यांचं." मला असा राग आला! "तुमची मिसळ संपली का बघा आधी," मी म्हटलं.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जिम आहे. म्हणजे वजनं आहेत आणि व्यायामाच्या बाकावर बसून बद्रीनाथकाका पेपर वाचतात. पहिल्या दिवशी प्रियदर्शनी म्हणाली, "काका, आपण जरा उठता का? मला या बाकावर चढउतार करायची आहे."

काका पेपर खाली न करता म्हणाले, "चढायला जिना आहे की सोसायटीत."

तिने वाद घातला नाही. हातात डंबेल घेऊन पार्किंगच्या पायऱ्यांवर चढउतार सुरू केली. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं तसं आधी अंग गरम करायचं, मग बैठका, मग भिंतीला पाठ लावून खुर्ची नसताना बसायचं. गारठ्याने लोक दारं लावून घरात आणि हिच्या कपाळावर घाम. हळूहळू डंबेल जड होत गेले. एका सकाळी ती कठड्याला हात न लावता जिना सरळ उतरली. काका खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि बाक रिकामा होता. पुण्यात याला सत्कार म्हणतात.

जानेवारी सरता सरता ती घाटाला आली. मी तिच्या मागेच होते. नेहमीच्या उभ्या वळणावर माझा पाय टेकला. तिचंही पुढचं चाक डगमगलं. याच वळणावर ती दरवेळी उतरायची. ती सीटवरून उठली, पेडलवर उभी राहिली आणि एकेक पेडल दाबत, दात खाऊन, वळणापलीकडे गेली. मी रस्त्यात एकटीच ओरडले, "चल गं बाई, चल!"

सायकल ढकलत मी वर पोचले, तेव्हा सवयीने तिचा हात किटलीकडे गेलेला. मी किटली काढून घेतली.

"टेकला का तुझा पाय?"

"नाही जी," ती म्हणाली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. डोळे भरून आले होते.

त्या दिवशी चहा वाटायला मी एकटीच होते. पहिला पेला तिला दिला. इतक्या अभिमानाने मी आजवर कुणाला चहा दिलेला नाही.