सुतकातला विस्तव

मी साताऱ्याची. माहेरी कोळशाची शेगडी, तीही आईच पेटवायची. पलूसजवळच्या खेड्यात ऊस पिकवणाऱ्या घरात लग्न होऊन आले आणि पहिल्याच सकाळी चुलीनं माझी चांगली जिरवली. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, चूल गार ती गारच. सासूबाई म्हणाल्या, लाकूड एकदम पेटत नसतं, त्याला आधी हलकं काहीतरी खाऊ घालावं लागतं. खाली उसाचं वाळकं चिपाड, त्यावर काटक्या, मग शेणी म्हणजे गोवऱ्या, लाकूड शेवटी. राग आला होता, पण शिकले. वर्षभरात गल्लीत माझ्याइतकी झटपट चूल कुणी पेटवत नव्हतं. हे मी आजही ऐकवल्याशिवाय राहत नाही.

महायुद्धाचे दिवस होते, काडेपेटी मिळायची मारामार. रात्री निखारे राखेत पुरून ठेवण्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे सकाळी गल्लीतल्या बायका शेणीचा तुकडा घेऊन विस्तव न्यायला आमच्याकडेच यायच्या. तो द्यायचं काम अक्काचं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर पलटणीत होते, समुद्रापार. अक्काला आठवा महिना होता, आणि आधीची दोन्ही पोटातच गेली होती.

तार आली, ती शाळेच्या मास्तरांनी वाचली. दीर लढाईत गेले. आमच्या ह्यांनी परसात येऊन सासूबाईंना आणि मला हळूच सांगितलं. सासूबाईंनी गोठ्याचा खांब धरला.

"तिची सुटका हुईस्तवर ह्या घरात कुणी गेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "चूल रोज पेटाय पायजे."

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, आणि पेटलीच तरी तिथला विस्तव कुणी आपल्या घरात नेत नाही. दुसऱ्या सकाळी मी चूल पेटवली, पण विस्तवाला कुणीच आलं नाही. गल्लीला कळलं होतं. कुणी तोंडातून ब्र काढला नाही, फक्त रीत पाळली. तिसऱ्या दिवशीही तेच. अक्का निखारे बाजूला ओढून वाट बघत बसलेली.

"आपलं काय चुकलं का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काडेपेट्या मिळाल्या असतील.

"साऱ्या गल्लीला एकाच दिवशी?"

मी तशीच परसातून शेजारच्या काकींकडे पळाले. म्हटलं, विस्तव न्यायला या, नाहीतर तिला कळेल. काकींनी खुंटीवरच्या मुलाच्या सदऱ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच लढाईवर होता, आणि मी त्यांना सुतकातला विस्तव त्यांच्या चुलीत घालायला सांगत होते. माझी जीभच झडायला हवी होती. राहू द्या, म्हणून मी मागं फिरले.

काकी शेणी घेऊन माझ्यामागोमाग आल्या. नेहमीसारख्याच दारातून म्हणाल्या, "इस्तू दे गं." अक्कानं चांगला फुललेला निखारा निवडून दिला, वर दोन दिवस कुठं होता म्हणून त्यांना झापलंही.

वाटलं होतं, बाहेर जाऊन त्या तो विझवून टाकतील. मी कुंपणावरून बघितलं. त्यांनी त्यावरच चूल पेटवली आणि भाकरी टाकल्या. त्यांचं बघून बाकीच्याही येऊ लागल्या.

अठरा दिवसांनी अक्काला मुलगी झाली, धडधाकट. बारसं झाल्यावर सासूबाईंनी अक्काला जवळ घेऊन सगळं सांगितलं. ते मला लिहवत नाही.

पुढं काकींच्या मुलाचं पत्र येईना. महिने गेले. काकींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण मी त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळं, हे मनातून जाईना.

लढाई संपली आणि एका दुपारी तो बैलगाडीतून उतरला. काकींनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मी त्यांच्या उंबऱ्यातच बसून हमसून हमसून रडायला लागले. बायकांना वाटलं, हिला दीर आठवले. आठवले होतेच. पण खरं सांगते, मी सुटले म्हणून रडत होते, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होती अक्का.