छापील पुरावा आणा!

ज्याला त्याला विश्वकोशात स्वतःचं पान हवं असतं. त्यामुळे किस्से शोधायला आम्हाला कुठे जावं लागत नाही, किस्सेच आम्हाला फोन करतात! इंटरनेटवरच्या खुल्या विश्वकोशात सुरतेतल्या मराठी माणसांवर आम्ही दोघं लिहितो: पलसाण्याच्या डाइंग मिलमधला मी आणि डिंडोलीच्या शाळेतल्या उज्ज्वलाताई. नियम एकच. जन्म असो, शिक्षण असो, मृत्यू असो, छापील आणि भरवशाचा संदर्भ हवा.

*

एका पुढाऱ्याचा पुतण्या म्हणाला, "काकांचा जन्म रामनवमीचा टाका."

"संदर्भ?"

त्याने चौकातल्या बॅनरचा फोटो पाठवला.

"हा लावला कोणी?"

"आम्हीच! म्हणजे माहिती पक्की ना!"

*

एक बिल्डर नावाआधी 'डॉ.' हवं म्हणून हटून बसले. मी विचारलं, "विद्यापीठ कोणतं?"

"नाव लक्षात नाही, पण हॉटेल एसी होतं!"

*

एक गायिका दरवर्षी आपलं जन्मसाल पुढे सरकवायच्या. शेवटी ताईंनी कळवलं, "मॅडम, आता थांबा. तुमची पहिली कॅसेट आली तेव्हा तुमचा जन्मच झालेला नाही!"

उत्तर आलं, "मग कॅसेटचं साल पुढे घ्या ना!"

*

तोच पुतण्या. त्याने गुपचूप लिहिलं, 'काका हजीऱ्याच्या कामगारांसाठी तुरंगात गेले.' आम्ही ते उडवायच्या आत एका साप्ताहिकाने उचललं. हा कात्रण नाचवत हजर: "घ्या, छापील!"

'तुरुंगा'चा झालेला 'तुरंग'सुद्धा जसाच्या तसा छापला होता.

*

नवागामचे अहिराणी गायक भिका आबा. पेपरात त्यांच्या निधनाची बातमी आली आणि कोणीतरी लगेच त्यांच्या पानावर मृत्यूची तारीख टाकली. ताई रडवेल्या होऊन आबांच्या घरी गेल्या, तर आबा खाटेवर चहा पीत बसलेले! गेले होते ते त्याच नावाचे दुसरे कोणी.

मी तारीख काढली. तासाभरात एका अनोळखी संपादकाने ती परत टाकली: 'वृत्तपत्राचा संदर्भ आहे. जिवंत असल्याचा छापील पुरावा आणा. घरी जाऊन पाहिलं, हे चालणार नाही.'

तेवढ्यात धुळ्याच्या कार्यक्रमवाल्यांनी ते पान वाचून आबांच्या जागी दुसरा गायक ठरवलासुद्धा! ताईंनी पेपरच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, "दुरुस्ती छापत नाही आम्ही, मॅडम. जाहिरात द्या, पैसे भरा, उद्याच छापू."

ताईंनी हे आबांना सांगितलं. आबांनी बशी खाली ठेवली.

"मी मरनू ते फुकटमा छापं, आनि जित्ता शे ते पैसा लागतीन?"