माजी सैनिकांची मोडलेली ठेव

घाटकोपरची ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथे सब-इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी कुबड्या टेकत एक माजी जवान पोलीस ठाण्यात आला. लढाईत पाय गेलेला, आता कारखान्यात वॉचमन. त्याचा लाकडी पाय मोडला होता आणि महिनाअखेरपर्यंत कामावर उभा राहिला नाही, तर नोकरी जाणार होती.

"साहेब, आमच्या मंडळाची राखीव ठेव अशाच अडचणीसाठी आहे ना? खजिनदार नुसता 'उद्या ये' म्हणतो. काहीतरी लोच्या आहे."

मंडळ छोटं, माजी सैनिकांनीच चालवलेलं. मी बँकेत गेलो. ठेव मुदतीआधीच मोडलेली. अर्जावर अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांच्याही सह्या. तारीख मात्र ऐन गणपतीतली, आणि अध्यक्ष असलेले निवृत्त सुभेदार तेव्हा कोकणात गावी होते.

"दरवर्षी गावी जाताना कोऱ्या अर्जांवर सह्या करून जातो," ते म्हणाले. "पलटणीतला माणूस, त्याच्यावर काय संशय घ्यायचा?"

मला रागच आला. असल्या भाबडेपणानेच आमचं काम वाढतं.

खजिनदार फौजेतला निवृत्त हवालदार. दोन तास दरडावलं, तरी ताठ उभा आणि तोंडातून शब्द नाही. भुरट्या चोराला विचारावं तसं मी त्याला विचारत होतो, हे उशिरा लक्षात आलं. मी खुर्ची दिली नाही, फौजी रिपोर्ट उभ्यानेच देतो; आवाज मात्र उतरवला. "हवालदार, कबुली नको. रिपोर्ट द्या."

त्याने घडाघडा सांगितलं. मदत मागणारे वाढले, व्याज पुरेना, म्हणून दुप्पट व्याज देणाऱ्या एका फायनान्सवाल्याकडे सगळी ठेव टाकली, आणि आता तो पैसे परत देईना. स्वतः एक पैसाही घेतला नव्हता. "वाट लावली मी मंडळाची," म्हणाला आणि रडला.

मी तडक जीप काढली. फायनान्सवाला मुलुंडला गाळा रिकामा करतानाच सापडला. पंचनामा करून रोकड जप्त केली आणि ती मंडळाला मिळावी म्हणून कोर्टात रोज खेटे घातले. सगळी नाही, पण पायापुरती महिनाअखेरच्या आत मिळाली.

हवालदारावरही विश्वासघाताचा गुन्हा लागलाच. हेतू चांगला होता म्हणून कलम बदलत नाही. जामिनाच्या दिवशी बघतो तर तोच जवान नव्या पायावर कोर्टात हजर, जामीन राहायला!

"अरे, फिर्याद तूच दिलीस ना?"

"पायासाठी दिली होती साहेब. पाय मिळाला. आता ह्याला घरी न्यायचंय."

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, फिर्याद लिहून घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारत आलो, "तुला नक्की काय परत हवंय?"