नालबंद गल्लीतलं पाणी

गोरेगावहून हिंगोलीला मी आजवर दवाखान्यासाठी गेले, कापडासाठी गेले, एकदा कोर्टात साक्षीला गेले. शहर बघायला म्हणून कधी गेले नव्हते. या जूनच्या शेवटी गेले, ते नातीमुळे.

नात कोमल बारावी झाली आणि हिंगोलीच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. रोज जाऊन-येऊन शिकणं जमण्यासारखं नाही, कारण संध्याकाळची जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून तिने तिथल्या एका जुन्या गल्लीत खोली शोधली. माझा मुलगा म्हणाला, "आई, तू पाहून ये. तू व्हय म्हणलीस तर ऱ्हाईल तिथं, न्हाई तर घरी बसंल." मी न्हाई म्हणायचं ठरवूनच निघाले. परक्या घरात एकटी पोरगी ठेवणं मला पटत नव्हतं.

पावसाने ओढ दिली होती. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू आणि पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या. कोमल सारखी पाण्याची बाटली पुढे करत होती. वाटेत थोरल्या लेकीच्या गावचा फाटा लागला, तेव्हा मी तिला सांगितलं, "तुझी आत्या नवी नांदायला गेली तव्हा भर वैशाखात मी तिच्या दारातून कोरड्या घशानं परत आले. लेकीला लेकरू होईस्तोवर दिल्या घरचं पाणी पीत न्हाईत आपल्यात."

"काहून पण?"

"काहून म्हंजे? एकदा दिली की दिली. मग त्या घरावर आपला काय हक?"

"तहान लागली तरी?"

"तहान लागली तरी."

हिंगोलीत उतरल्यावर मला वाटलं, आता खोली दाखवील. पण ती म्हणाली, "आधी गल्ली बघ." पोरगी हुशार आहे. नवरदेव दाखवायच्या आधी त्याचं ओलिताचं शेत दाखवतात, तसा तिचा डाव होता. मी तो ओळखला.

निजामाच्या काळात हिंगोलीला घोडदळाची छावणी होती. घोड्यांना नाल ठोकणारे, म्हणजे नालबंद, या गल्लीत राहायचे, असं तिथले लोक सांगतात. दोन्ही बाजूंनी काळ्या दगडाची घरं आहेत. दगड इतका घडीव की सांध्यात नख जात नाही. मी घालून पाहिलं. प्रत्येक भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक लोखंडी कडी आहे, घोडा बांधायची. आता एका कडीला शेळी होती, एकीला मोटरसायकलची साखळी. दारांच्या वर लाकडी छज्जे आणि त्यांना कोरलेली कणसं. ज्वारीचीच कणसं होती ती. दाणा न् दाणा मोकळा. ज्याने कोरली त्याने खळ्यावर काम केलेलं असणार.

वर बघत चालल्याने माझ्या चपलेचा पट्टा तुटला. एका दाराजवळ दोन पायऱ्यांचा सुटा दगड होता, त्यावर बसले आणि बांगडीतली पिन काढून पट्ट्याला अडकवू लागले. समोर मशीनवर एक म्हातारा शिंपी शिवत होता.

"मावशी, बसलात तो दगड कशाचा, ठाऊक हाय का?"

"कशाचा?"

"घोड्यावर चढायचा. रिसालदार पाय ठिवायचे त्याच्यावर."

"मग आता जरा खालीच बसू म्हणता?"

"न्हाई, बसा की! रिसालदार गेले, घोडे गेले. दगडाला तरी कोण विचारून राहिलं?" असं म्हणत तो हसला आणि त्याने स्वतः उठून मला दाभण आणून दिलं. पिनेपेक्षा ते कामाचं ठरलं.

पुढे वाचनालय आहे. ती पूर्वी घोड्यांची पागा होती. आत लांबच लांब दगडी गव्हाणी तशाच ठेवल्यात आणि त्यांत पुस्तकं उभी रचली आहेत. मी उभ्या जन्मात गव्हाणीत कडबा टाकला, पुस्तकं पहिल्यांदा पाहिली. गव्हाणीच्या कडेवरून हात फिरवला. घोड्यांच्या माना घासून घासून ती तुळतुळीत झालीय, आमच्या गोठ्यातल्यासारखीच. चार पोरी मान खाली घालून वाचत होत्या. एकीनेही वर पाहिलं नाही. ते मला फार आवडलं.

बाहेर लाकडाच्या भट्टीवरची बेकरी. तिथे गरम नानकटाई खाल्ली. दात नसलेल्या माणसाला याहून चांगला खाऊ नाही. पण घसा कोरडा पडला आणि बाटली तर जीपमध्येच संपली होती. "आता खोली दाखव," मी म्हटलं.

खोली गल्लीच्या टोकाला, एका देवडीत (मोठ्या दरवाजाच्या जुन्या घरात) आहे. मालकीण माझ्याच वयाची विधवा. गल्ली तिला बडीबी म्हणते. मी कडी आतून लागते का पाहिलं, खिडकीचे गज हलवले, न्हाणी पाहिली. मग विचारलं, "दरवाजा कव्हा लावता?"

"दिवस बुडताना, मगरिबच्या अजाननंतर. मग कलेक्टर आला तरी खोलत नाही."

"पोरगी बिमार पडली तर?"

"गेल्या साली वरच्या खोलीतल्या पोरीला टायफॉईड झाला. तिची माय येईपर्यंत मीच उशाशी बसले."

"आमचं खाणं अलग हाय."

"चूलही अलग आहे. आता मी विचारते. ही बोलते किती? वरच्या दोघी आधीच माझं डोकं खातात."

कोमल हसली. मला हसू आलं, ते मी दाबलं.

बडीबीने माठातून पितळी पेला भरून आणला, खाली बशी धरून. घसा इतका सुकला होता की मी हात पुढे केला. आणि तो तसाच मागे आला. "नको," मी म्हटलं.

बडीबीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आमच्या घरचं चालत नसेल तर दुकानातून बाटली मागवते." रागावली असती तर बरं झालं असतं. कोमल शरमेने खाली बघू लागली.

"न्हाई हो बाई, तसं न्हाई," मी म्हटलं. "लेक दिल्या घरचं पाणी पीत न्हाई आमी."

कोमलने मान वर केली. "आजी! म्हंजे तू व्हय म्हणलीस?"

"म्हणले कुठं? हातच मागं आला." खरं तर हात मागे आला तेव्हाच मलाही ते कळलं होतं.

बडीबी एवढ्या मोठ्याने हसली की वरच्या दोघी जिन्यात आल्या. "म्हणजे मी सासू झाले हिची? बाई, ही शादी थोडीच आहे! लेकरू शिकायला आलंय. शिकायला दिली तर काय करतात तुमच्यात?"

मी विचार केला. मला चौथीतून काढलं, माझ्या लेकींना सातवीतून. शिकायला म्हणून आमच्यात कुणी लेक दिलीच नव्हती. मग त्याचा रिवाज कुठून असणार? मी पेला घेतला आणि उभ्यानेच संपवला. पाणी जरा मचूळ होतं, बोअरचं असावं. पण गार होतं. मी आणखी एक मागितला.

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीशी बसले. आमच्याकडून हिंगोलीला कुणी गेलं तर दवाखाना उरकल्यावर त्या गल्लीत जाऊन यावं. घोडे बांधायच्या जागी पुस्तकं ठेवणारे लोक बघण्यासारखे आहेत. फक्त चप्पल धड घालून जावी.

मुलगा ओट्यावर वाट बघत होता. "कसं काय घर?"

"चांगलं हाय. दोन पेले पाणी पेले मी तिथं."

त्याने कोमलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाणी पेलीस? म्हंजे पोरगी न्हाई दिलीस तिथं."

"दिली," मी म्हटलं. "सकाळच्या जीपला तिची गादी बांध."