सपाट तळाची बोट आणि जिल्दाचे केक

पेलेस्त्रिना बेटावर म्हाताऱ्या ओनोरिओने बांधलेली बोट ओळखायची तर तिचा तळ बघावा. परातीसारखा सपाट. खाडीच्या उथळ, निवांत पाण्यावर ती लहानशा इंजिनानेही अशी वर उचलली जाऊन सुटायची, की बाकीचे बघतच राहायचे. काठावर पाय देऊन चढलं तरी डुलायची नाही. म्हातारा कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता, आणि त्याच्या बोटींनी ती वेळही कधी आणली नव्हती.

वेळ आणली ती त्याची सून जिल्दा करून विकायची त्या केकांनी. तिची गिऱ्हाइकं पलीकडे किओज्जा गावाला, आणि मध्ये खाडीचं मुख, जिथून खुल्या समुद्राच्या लाटा आत घुसतात. तिथे सपाट तळ प्रत्येक लाटेवर थाडकन आपटायचा नि पोचेपर्यंत केकचा शिरा व्हायचा. दोन लग्नांत तिने लोकांची बोलणी खाल्ली होती. आता उन्हाळा सरता सरता हॉटेलवाल्या बोस्कोलोच्या मुलीचं लग्न होतं. हाही केक बिघडला असता तर किओज्जात तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

“मामंजी, तळ बदला,” ती म्हणाली.

“तळाला काय धाड भरलीय? जन्मभर मी त्याच मुखातून जातोय. मला कधी धक्का बसला नाही. तुझं क्रीमच पातळ.”

जिल्दाच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पेलेस्त्रिनाचे पुरुष बोटीत बसत नाहीत. वल्ही उभ्याने मारायची जुनी खोड, ती इंजिन आलं तरी गेली नाही. बसतात ते पाहुणे आणि आजारी. उभ्या माणसाचे गुडघे लाटेचा दणका गिळतात, नि तो म्हणतो, बोट कशी लोण्यासारखी चाललीय!

“केकला गुडघे असतात का, मामंजी? आज तुम्ही बसायचं.”

“मी? आजारी म्हातारीसारखा?”

“भ्यालात?”

एवढ्यावर तो बसला. तिने त्याच्या मांडीवर शिळा केक ठेवला नि मुखाशी वेग वाढवला. पहिल्या लाटेला म्हातारा फळीवरून उडाला, दुसरीला दात वाजले, तिसरीला केक मिशांत गेला. परतल्यावर धक्क्यावर जाळी शिवणारे पोट धरधरून हसले. ओनोरिओ कंबर धरून उतरला, मिशा चाटल्या नि म्हणाला, “क्रीम बरं आहे. तळ हरामखोर आहे.”

त्याने आधी एका नव्या बोटीला पाचरीसारखा खोल तळ केला. लाटा सुरीने कापाव्यात तशा कापल्या गेल्या, पण बोट जड चालू लागली, थांबली की डुलू लागली, आणि जिल्दा चढताच केक घसरून तिच्या पायाशी आला.

“हा तर पाळणा झाला!” ती खो खो हसली.

म्हाताऱ्याला मात्र नादच लागला. पुढे पाचर ठेवून तो मागे मागे तळ पसरट करत गेला. पुढच्या भागाने लाट फोडायची, मागच्याने बोट उचलून धरायची नि थांबल्यावर स्थिर ठेवायची. दर फेरीला तो स्वतः बसायचा, मांडीवर क्रीमचं भांडं घेऊन.

“काय ओनोरिओ, आजारी का?” धक्क्यावरून हाक यायची.

“आजारी नाही रे, मी केक आहे!” तो ओरडायचा.

शेवटी जमलं. शांत पाण्यात नवी बोट जुनीच्या किंचित मागे पडायची, तेवढं त्याने सोसलं.

लग्नाच्या दिवशी नेमका वारा उठला. मुखात लाटांनी तोंडं वर काढली होती. जिल्दा सुकाणूवर, म्हातारा खाली तीन मजली केकच्या पेटीला मिठी मारून. वेग कमी करायला तो तयारच नव्हता. “दाब, पोरी, दाब!”

किओज्जाला पेटी उघडली. साखरेचं एक फूलही हललं नव्हतं. वऱ्हाडाने टाळ्या पिटल्या आणि जिल्दाला रडूच कोसळलं, इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

बोस्कोलो बोट न्याहाळत म्हणाला, “असा तळ कुणी काढला?”

आयुष्यात कुणाला श्रेय न दिलेला ओनोरिओ सुनेकडे बोट दाखवून म्हणाला, “तळ हिचा. मी नुसत्या फळ्या ठोकल्या.”