व्याह्याच्या पानावरचं धाबं

चिंताकीहून निघालो तेव्हा खांद्यावर पांढऱ्या मातीची गोणी होती. शाळा मी दुसरीतच सोडली, पण धाबं (मातीचं सपाट छत) कसं राखायचं ते मला कोणी शिकवू नये.

लेक काशीनं कलबुर्गीकडं कमलापूरजवळ रानात जांभ्या दगडाचं दोन खोल्यांचं घर बांधलं. धाब्यावर मात्र शेतातलीच काळी माती घातली. काळी माती उन्हात भेगाळते. चुलीवर गळू लागलं. तिचे सासरे शरणप्पा म्हणाले, "सोमवारी पाडायचं, स्लॅब टाकायचा." काशी फोनवर रडली. आमच्या जुन्या गावठाणातल्या पांढरीतून पाणी उतरत नाही. त्यांच्या नव्या वस्तीत ती कुठली मिळायला!

कंडक्टरनं विचारलं, "अप्पा, ज्वारी का?"

"माती."

"कलबुर्गीकडं माती न्हाई व्हय?"

"तुझ्या शिटावर लई हाय, ती झाड आधी." गाडी हसली.

बिदरजवळ कोळार वसाहतीतल्या कारखान्यांचे पत्रे उन्हात डोळ्यांत घुसत होते. चिटगुप्प्याला गाडी बदलताना गोणी उसवली. मी मुठीमुठीनं माती भरू लागलो.

पेरूवाली म्हणाली, "काका, मातीसाठी एवढं कामून हळहळायलाव?"

"अक्का, लेकीचं छत सांडलंय."

तिनं पदर खोचला, आपलं पोतं दिलं, भरूही लागली.

काशीचं घर लांबूनच ओळखलं. न्हाणीचं पाणी चारीनं तांबड्या केळींना जात होतं. पश्चिमेच्या भिंतीवर कडुनिंबाची सावली होती. दारात व्याही नमस्काराला हात जोडून उभे.

"शरणु, पाव्हणं! आमच्याकडची माती सरली म्हणून आणलाव?"

"न्हाई, तुमच्या हट्टावर लिंपायला आणलोय."

मी वर चढलो. भेगा खरवडल्या, गवत उगवू नये म्हणून पांढरीत मीठ कालवलं आणि धोपटून बसवली. उन्हात नीट वाळू दिली. रविवारी दुपारी व्याह्यांचं पान चुलीपाशीच मांडलं.

"वरून काशी पाणी ओतंल. पानात थेंब पडला, तर उद्या स्लॅब टाका. मी तोंड उघडणार न्हाई."

"आन् न्हाई पडला तर?"

"तर तुम्ही उघडायचं न्हाई."

व्याही बसले. हुग्गी (गव्हाची खीर), भाकरी, शेंगदाण्याची चटणी. वर घागर रिती झाली की ते घास हातात धरून आढ्याकडं बघायचे. माझाही जीव तिथंच टांगलेला. काशीनं आड उपसायचा बाकी ठेवला. पान कोरडंच राहिलं.

जेवून व्याही तिथंच भिंतीला कलंडले. त्यांच्या घरी दुपारी स्लॅबखाली तव्यावरची भाकरी होते माणसाची. इथं गारव्यात डोळा लागला. वरून पाण्याचा आवाज, खाली घोरण्याचा. काशी शिडीवरून वाकून बघत होती आणि तोंडात पदर कोंबून हसत होती.

सोमवारी स्लॅबवाला आला. व्याह्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मग रिकामं पोतं स्वतः घडी घालून माझ्या काखेत दिलं.

"पाव्हणं, हे भरून आणा पुन्हा. आमच्या स्लॅबवरबी एक थर मारून बघू."

मी पोतं काखेत घट्ट दाबलं. जिंकलेल्यानं बोलू नये. गाडीत खिडकीशी बसून मात्र गावापर्यंत मिशीला पीळ देत आलो. दोन खोल्या, चार केळी आणि गार सावलीत घोरणारा व्याही. घर याहून मोठं कशाला बांधतात लोक?